चकाकत तुटलेला फ्लँज

१

गुक सांग-चोलचा जीव घेणारा लोखंडाचा तुकडा मी हातात घेतला, तेव्हा आधी नजरेत भरली ती त्याची चकाकी. चांगलं पोलाद तुटण्याआधी ताणलं जातं, मग फाटतं, आणि फाटलेली जागा राखाडी, खरखरीत दिसते. हा तुकडा खडीसाखरेसारखा लखलखत होता. असं पोलाद तुटताना कुणाला सावध करत नाही.

मी फ्यो मि-ग्योंग. विमा कंपनीसाठी अपघातांचा छडा लावते. धातुशास्त्र शिकले आणि उभं आयुष्य मोडक्या वस्तू बघण्यात घालवलं. माझा नवरा म्हणायचा, हिला धड वस्तू दाखवली तर ओळखायची नाही. आता तो नवरा राहिलेला नाही, पण बोलला ते खोटं नव्हतं.

गिम्हे शहरातल्या एका गल्लीत दोन कारखाने पाठीला पाठ लावून उभे आहेत. एकात दाबाच्या टाक्या बनतात. दुसऱ्यात त्या टाक्यांच्या तोंडाला बसणाऱ्या जाड लोखंडी कड्या घडवतात, म्हणजे फ्लँज. परवा टाकीत पाणी भरून दाब वाढवत नेला जात होता. सांग-चोल दाबाच्या काट्याकडे बघत उभा होता. काटा अजून पुरता चढलाही नव्हता, तोच फ्लँजचे दोन तुकडे झाले आणि त्यातला एक त्याच्या छातीत बसला. उद्या सकाळी त्याची अंत्ययात्रा होती.

टाकीवाल्यांचा मुकादम बांग अंगावर दोन कोट चढवून माझ्यासमोर बसला होता.

"सगळे म्हणतायत, बांगनं गार पाणी भरलं म्हणून फुटलं."

"किती गार होतं?"

"नळाला येतं तेवढं. जानेवारीत नळाला काय कढत पाणी येतं, मॅडम?"

"बर्फ होता त्यात?"

"काहीतरीच काय! बर्फ असता तर पंपानं ओढलं असतं का?"

"मग पाणी शून्याच्या वरच होतं. हा फ्लँज उणे एकोणतीसच्या थंडीत काम करील, असं लिहून घेऊन तुम्ही विकत घेतलाय. नियम सांगतो, पाण्याच्या चाचणीत धातू त्याहून सतरा अंश वर असला की झालं. त्या हिशेबानं तुमचं पाणी चांगलं ऊनच म्हणायचं, बांगदादा."

म्हाताऱ्यानं तोंड झाकून घेतलं. 

"मग माझ्या पोराला मारलं कुणी?"

सांग-चोल त्याचा मुलगा नव्हता. हाताखाली वाढलेल्या माणसाला तो पोर म्हणत होता.

"ते शोधायलाच आलेय."

"तर लवकर शोधा. पलीकडे फ्लँजची चाचणी करतात त्या ओक-हीताई आज संध्याकाळी पोलिसांपुढे कबुली देणारेत. म्हणे त्यांनीच मारलं."

२

पलीकडच्या कारखान्याचे मालक ताक इन-ह्वान फाटकातच उभे होते. कामगार त्यांना साजांग म्हणतात. माणूस इतका गोड बोलत होता की मला पहिल्या वाक्यालाच त्याचा राग आला. चाचणीची खोली दाखवतो म्हणून त्यांनी मला इमारतीला वळसा घालून नेलं. खोलीच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीचा रंग कंबरेपर्यंत फुगून सोलवटला होता.

"रंग गेलाय की."

"उन्हानं हो," साजांग म्हणाले. "गेला उन्हाळा फार कडक होता."

खोली बर्फासारखी गार होती. कोपऱ्यात लोखंडी चौकटीत माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक जड हातोडा टांगलेला. शेजारी स्पिरिटचं कुंड. आणि त्यापुढे पातळ स्वेटरात कुडकुडत उभी राहिलेली साठीची बाई, योम ओक-ही. हातांची कातडी स्पिरिटनं फाटलेली.

"एखादी शेगडी तरी आणवा," मी म्हणाले.

"इथं शेगडी चालत नाही, मॅडम," ती म्हणाली. "स्पिरिट भडकेल. या खोलीत काडीसुद्धा ओढायची नाही."

साजांगनी कबुलीचा एक कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला. सहीची जागा रिकामी होती.

तिथल्या कामाची रीत अशी. फ्लँज भट्टीत जातात तेव्हा त्याच पोलादाचा एक ठोकळाही त्यांच्याबरोबर जातो. त्याला नमुना म्हणतात. नमुन्यातून बोटाएवढे तुकडे कापायचे, मधोमध खाच पाडायची आणि कोरडा बर्फ घातलेल्या स्पिरिटमध्ये उणे एकोणतीसला गार करायचे. मग चिमट्यानं उचलून हातोड्याखाली ठेवायचे आणि हातोडा सोडायचा. तुकडा मोडताना हातोड्याचा किती जोर खातो, ते काटा सांगतो. सगळं पाच सेकंदांत उरकावं लागतं. उशीर झाला की तुकडा ऊब धरतो आणि आहे त्याहून चिवट भासतो. साध्या कार्बन पोलादाच्या फ्लँजला नियमानं या चाचणीतून बहुतेक वेळा माफी मिळते. पण माफी मिळालेले फ्लँज थंडीत तडकलेले ज्यांनी पाहिलेत, ती गिऱ्हाइकं आता अडून चाचणी मागतात. टाकीवाल्यांनीही मागितली होती. ओक-हीनं ती केली होती आणि फ्लँज पास झाला होता.

"वय झालंय हो यांचं," साजांग हळू आवाजात म्हणाले. "हात जड पडतो. तुकडा ठेवायला उशीर झाला असणार. त्यांनी तसं कबूल केलं तर वकील सांभाळून घेईल, कारखाना सांभाळून घेईल. घरचंच माणूस आहे."

"घरच्या माणसाला तुरुंगात धाडता होय?"

दारातून आवाज आला होता. भट्टीवाला मा जोंग-दल हातात गरम चहाची किटली घेऊन आत आला. पन्नाशीचा, काळवंडलेला, अंगानं आडवा माणूस. त्यानं आपला कापूस भरलेला कोट काढून ओक-हीच्या खांद्यावर जवळजवळ फेकला.

"नुना, त्या कागदाला हात लावलास तर याद राख." थोरल्या बहिणीला इथे भाऊ नुना म्हणतात. हे दोघं सख्खे नव्हते, पण तो तिच्यावर सख्ख्या भावासारखाच खेकसत होता.

"तू आपली भट्टी सांभाळ," ती म्हणाली. "आणि कोट घेऊन जा. वास मारतोय."

"तुमचा स्वतःचा कोट?" मी विचारलं.

"घरी राहिला." दारामागची खुंटी मोकळी होती, तिच्यावर धूळ बसलेली.

मा किटलीत डोकं घालून चहा ओतत राहिला. साजांगनी घड्याळ पाहिलं आणि बाहेर गेले.

"सही करणार आहात?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुरुंगाचं मला काही वाटत नाही. दोन्ही कारखान्यांचं कँटीन एकच. सांग-चोल रोज तिथं माझ्यासमोर बसायचा. माझ्या ताटातली किमची न विचारता उचलायचा मेला. माझ्या हातून उशीर झाला नाही, असं मला वाटतं. पण वाटण्यावर कोण विश्वास ठेवतं? तो माझ्या हातानं मेला का, एवढंच मला कळू दे. नुसती सुटका करू नका माझी. खरं काय ते सांगा."

मी बॅगेतून डबा काढला. त्यात फुटलेल्या फ्लँजमधून बुसानच्या प्रयोगशाळेनं कापून दिलेले तुकडे होते.

"नमुन्याचे जादा तुकडे ठेवलेत ना तुम्ही?"

"नेहमीच ठेवते."

"मग आत्ताच्या आत्ता पुन्हा चाचणी करा. माझ्यासमोर."

ती जादा तुकडे काढायला कपाटाकडे वळली.

३

तुकडे स्पिरिटच्या कुंडात गार होत होते. साजांग परत आले होते. बांगही भिंत ओलांडून आला होता आणि दारात उभा राहून बघत होता. मा हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"आधी नमुना," मी म्हणाले.

ओक-हीनं चिमटा कुंडात बुडवला. तिचा हात थरथरत होता. मला वाटलं, आता हिला जमणार नाही आणि साजांगचं फावणार. पण तुकडा चिमट्यात आला आणि थरथर थांबली. उचलला, ठेवला, कळ ओढली. माझ्या हातातलं घड्याळ तीन सेकंदही दाखवत नव्हतं. हातोडा धप्पकन तुकड्यावर बसला आणि पलीकडे जेमतेम वर गेला. तुकडा पुरता मोडलाही नव्हता. वाकून, फाटून, राखाडी होऊन पडला होता.

"चिवट," बांग पुटपुटला.

"आता फ्लँज."

दुसरा तुकडा. तोच हात, तोच वेग. हातोडा आला, टिचकीसारखा बारीक आवाज झाला आणि हातोडा पलीकडे जवळजवळ होता तितकाच उंच चढला. तुकड्याचे दोन भाग दोन दिशांना उडाले. मी एक उचलून पाहिला. तो लखलखत होता.

ओक-हीनं चिमटा खाली ठेवला.

"हात जड असता तर दोन्ही तुकडे चिवट भासले असते," मी साजांगना म्हणाले. "यांचा हात तुमच्या घड्याळापेक्षा बरा आहे. नमुना खरोखरच चांगला होता. यांनी चांगल्याला चांगलं म्हटलं. तो कागद फाडा."

"मग फ्लँज कुणीतरी बदलला!" साजांगना एकदम हुरूप आला. "टाकीवाल्यांनी! स्वस्तातला लावला आणि आमच्यावर खापर फोडतात."

बांग त्यांच्या अंगावर धावून गेला असता. मी मध्ये हात घातला.

"दोन्हींतलं कार्बन, मँगनीज, गंधक, सगळं तपासून आणलंय. दशांशापर्यंत जुळतं. एकाच वेळी वितळवलेलं पोलाद आहे. फ्लँज तुमचाच."

 पोलाद एक, कारखाना एक, भट्टी एक. तरी एक तुकडा चिवट आणि दुसरा काचेसारखा. पाणी कुठेतरी मुरत होतं, पण कुठे ते मला दिसेना.

"मॅडम," मागून मा म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "मला बोलायचंय. इथं नाही."

४

कँटीन रिकामं होतं. स्वयंपाकाच्या मावशीनं न मागता डुकराच्या रश्शाचे दोन वाडगे आणून ठेवले. मा जोंग-दलनं चमच्याला हातही लावला नाही.

"माझ्यामुळं मेला तो. हे फ्लँज भट्टीत घालायच्या आदल्या रात्री दारू फार झाली होती, सोजू. सकाळी भट्टी पेटवायचं त्राण नव्हतं. फ्लँज भट्टीत न घालताच पुढं पाठवले. नमुना तेवढा दुसऱ्या दिवशी घातला, म्हणून तो पास झाला. झालं? लिहून घ्या. नुनाचा यात काही संबंध नाही."

गोष्ट चोख बसत होती. घडवलेल्या फ्लँजमध्ये पोलादाचे कण वेडेवाकडे, भरड असतात. भट्टीत लाल करून उघड्या हवेत निववलं की ते बारीक आणि चिवट होतात. भट्टी चुकवली, तर असाच चकाकणारा तुकडा मिळतो. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माणूस कबुली देताना स्वतःची बाजू थोडी तरी सावरतो. हा सावरत नव्हता. उलट मी लिहायला उशीर लावतेय म्हणून घाबरत होता.

"सांग-चोलच्या बायकोला भेटलात?"

"कुठल्या तोंडानं भेटू?"

तेवढ्यात फोन वाजला. प्रयोगशाळेतून होता. मी ऐकलं, दोनदा विचारून घेतलं आणि फोन ठेवला.

"सोजू पिता, हे खरं असेल," मी म्हणाले. "बाकी सगळी थाप आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कण भरड दिसतात, पण सगळे एकसारखे. भट्टी चुकवलेल्या पोलादात ते लहान-मोठे, विस्कटलेले असतात. तुमचा फ्लँज भट्टीत गेला होता, मा. नीट लाल झाला होता. फक्त गार व्हायला त्याला फार वेळ लागला. कण फुगायला तेवढंच पुरलं."



"मी सांगतोय ना, मीच केलं! अजून काय पायजे तुम्हाला?"

"माणूस खोटा गुन्हा अंगावर घेतो तो खऱ्याहून काहीतरी मोठं लपवायला. कुणाला वाचवताय? साजांगना?"

"त्या माणसासाठी मी रुमालसुद्धा वाया घालवायचो नाही," तो म्हणाला आणि उठून गेला.

हे मात्र खरं बोलला होता. मी रस्सा संपवला. रिकाम्या पोटी माझं डोकं चालत नाही. संध्याकाळ जवळ येत होती आणि पोलिसांना द्यायला माझ्याकडे फक्त एक खोटारडा होता.

मग मला तो पातळ स्वेटर आठवला. जी बाई वर्षानुवर्षं बिनशेगडीच्या खोलीत काम करते, ती ऐन जानेवारीत कोट घरी कशी विसरेल? एक दिवस विसरेल. पण दारामागच्या त्या मोकळ्या खुंटीवर धूळ बसली होती. तिला हिवाळाभर कोटाची गरजच पडली नव्हती. म्हणजे ती खोली परवापर्यंत ऊबदार होती, आणि अपघातानंतर भट्टी बंद ठेवली तशी गारठली.

मी धावत इमारतीच्या मागे गेले.

५

सोलवटलेली भिंत उत्तरेची होती. तिच्यावर ऊन बारा महिने पडणार नव्हतं. पायाशी सिमेंटवर काळी वर्तुळं उमटली होती. बाजूला भट्टीला लावतात त्या न जळणाऱ्या पांढऱ्या लोकरीची जाड गादी गुंडाळून ठेवलेली. आणि फ्लँज निववायची खरी जागा, उघडी लोखंडी जाळी, तिथून चांगली लांब होती.

मा माझ्या मागोमाग आला होता.

"भट्टीतून निघालेले लालभडक फ्लँज तुम्ही जाळीवर सुटे मांडत नव्हता," मी म्हणाले. "या भिंतीला टेकवून एकावर एक रचत होता. वर गादी. म्हणजे दिवसभर भिंत तापलेली राहील. आत शेगडी चालत नाही, पण तापलेल्या भिंतीत ठिणगी नसते. नमुना बारका, लगेच कापायला जायचा, म्हणून तो नेहमीसारखा जाळीवर पडायचा आणि चांगला निवायचा. ओक-हीताईंनी तपासला तो नमुना. टाकीला लागला तो गादीखालचा फ्लँज."

मा भिंतीला पाठ लावून खाली बसला.

"तिची बोटं बघितलीत? मागच्या थंडीत रक्त यायचं. साजांगला म्हटलं, खोली तापवायला गरम पाण्याचा नळ तरी फिरवून द्या. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. मग मीच केलं. मला वाटलं, सावकाश निवलं तर लोखंडाला बरंच. भराभर निवलं की तडकतं, हेच बघत आलोय आम्ही. साजांग रोज इथून जायचा, त्यानंसुद्धा अडवलं नाही. जागा वाचतेय म्हणाला."

"आणि ओक-हीताईंना माहीत नव्हतं."

"तिला वाटलं, साजांगनं नळ फिरवला." त्यानं माझ्या कोटाची बाही पकडली. "मॅडम, पाया पडतो. ती म्हणतेय, माझ्या हातानं मेला का ते सांगा. आता तिला सांगणार, की तुझ्या हातांसाठी मेला? सोजूचं लिहा ना. मी तुरुंगात जातो. कुणाचं काय बिघडतं?"

मला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला. नाही लिहिलं तर खरंच काय बिघडत होतं, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला. तो फार वेळ टिकला नाही.

"सोजूचं लिहिलं तर एका दिवसाचे फ्लँज वाईट ठरतील," मी म्हणाले. "खरं लिहिलं तर थंडी पडल्यापासूनचे सगळे. ते कुठे कुठे गेलेत? किती टाक्यांवर बसलेत? त्या प्रत्येकीसमोर काटा बघत एखादा सांग-चोल उभा असेल."

जोंग-दलनं मान खाली घातली.  माझ्या पाठीमागे कुणीतरी श्वास घेतला.

कोपऱ्यावर ओक-ही उभी होती. त्याचा कोट परत द्यायला आली असावी, तो तिच्या हातातच होता. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्या काळ्या वर्तुळांकडे बघत होती.

"मला थंडी वाजत होती रे," ती म्हणाली. "मी काही मरत नव्हते."

"नुना…"

"विचारायचंस तरी. मी नको म्हटलं असतं."

"म्हणून तर विचारलं नाही."

  तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "थंडी पडल्यापासूनचे सगळे म्हणालात ना? मग उभ्या का राहिलात? फोन करा त्या गिऱ्हाइकांना. म्हणावं, दाब उतरवा."

मी फोन काढला. मा उठला आणि धडपडत फाटकाकडे निघाला.

"कुठं चाललास?" तिनं विचारलं.

"पोलिसांकडं. आणि त्याआधी सांग-चोलच्या बायकोकडं."

"थांब, मी येते."

"तू नको येऊस, नुना. तिच्यासमोर तुझं नाव घ्यावं लागेल मला."

"म्हणूनच येते," ओक-ही म्हणाली. "एकटा गेलास तर परत सोजूचंच सांगशील."

दोघं गल्लीतून, सांग-चोलला ठेवलं होतं त्या अंत्यविधीच्या दालनाकडे चालू लागली. मी पहिल्या गिऱ्हाइकाचा नंबर फिरवला.